तुटक रेघेखालची माणसं

आयर्लंड नकाशात नेमकं कुठं आहे हे मला पन्नाशी उलटेपर्यंत धड ठाऊक नव्हतं. तिथल्या एका खानदानी घराण्याच्या सात पिढ्या मात्र मी आज कुणी विचारल्या तर सांगू शकतो. मध्ये दोनदा अडखळेन, एखादा काका पुतण्याच्या जागी बसवीन, पण सांगेन. कारण त्या पिढ्या मी स्वतःच्या हातानं काढल्यात, सौदीतल्या जुबैलमध्ये, पाइपांची ड्रॉइंगं करता करता.

मी ड्राफ्ट्समन आहे. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन निघालो तो इथं येऊन पोचलो, आणि गेली बावीस वर्षं पेट्रोकेमिकल प्लांटचे पाइप कागदावर काढतोय. पाइप कुठल्या टाकीतून निघाला, कुठं वळला, कुठं फाटा फुटला, कुठं जाऊन मिळाला. या कामात माझा हात धरणारा साइटवर कुणी नाही असं मी स्वतःच म्हणतो, कारण दुसरं कुणी म्हणत नाही.

आमचा साहेब आयरिश होता. सहा फुटांच्या वर उंच, उन्हानं कायम लालबुंद, आणि बोलायला इतका कमी की सुरुवातीला मला वाटलं याला माझं इंग्रजी कळत नसावं. आखातात त्याची तीस वर्षं गेली होती. कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि चार आठवड्यांनी तो फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमचाच, मायदेशी जाणार होता. एका गुरुवारी दुपारी, सुट्टीच्या आधी कंपनीची बस सुटायला अर्धा तास असताना, तो माझ्या टेबलाशी आला आणि पुठ्ठ्याची एक लांब नळी पुढ्यात ठेवली. आतून पिवळे पडलेले कागद निघाले, काही टाइप केलेले, काही हातानं लिहिलेले, आणि एक मोठा कागद साहेबानं स्वतः पेन्सिलीनं काढलेला.

"याचं एक नीट ड्रॉइंग होईल? सगळं एकाच मोठ्या कागदावर?" त्यानं विचारलं.

मला वाटलं, एखाद्या जुन्या प्लांटचा लेआउट असेल. उलगडून बघतो तर चौकटी, रेघा आणि माणसांची नावं.

साहेबाचं घराणं तिकडचं जुनं जमीनदार घराणं होतं, किताब असलेलं. जमीन कधीच गेली होती. किताब राहिला होता, आणि गळक्या छपराचं एक अवाढव्य घर राहिलं होतं. दोन्ही आता त्याच्या थोरल्या भावाकडे होतं. त्या भावाला ऐंशी वर्षं पूर्ण होत होती आणि त्या घरात मोठं जेवण ठरलं होतं. भावाची इच्छा अशी की दिवाणखान्यात घराण्याचा वंशवृक्ष लावावा, आणि वंशवृक्षावर ज्याचं नाव त्याला जेवणाचं बोलावणं. हे शेवटचं वाक्य साहेबानं मला दोनदा सांगितलं. दोनदा का सांगितलं ते मी विचारलं नाही. बस सुटत होती, मी हो म्हणून मोकळा झालो.

शुक्रवारी घरी जेवणाच्या टेबलावर कागद पसरले आणि तासाभरात माझं डोकं भंजाळलं. एक तर त्या घराण्यात थोरल्या मुलाला द्यायला दोनच नावं होती, ती आलटून पालटून सात पिढ्या चालवलेली. बापाचं एक, मुलाचं दुसरं, नातवाचं पुन्हा पहिलं. त्यात दोनदा थोरला मुलगा लहानपणीच गेला, तेव्हा पाठच्या भावाला तेच नाव पुन्हा दिलं. एकाच बापाला एकाच नावाचे दोन मुलगे, एक मेलेला आणि एक जिवंत, आणि किताब दुसऱ्याकडे. पुढं एका चुलत्याकडे किताब गेला पण घर गेलं त्याच्या पुतणीच्या नवऱ्याकडे, मग त्यांची मुलं एकमेकांशी लग्न करून घर आणि किताब पुन्हा एका छपराखाली. मी तीनदा काढलं आणि तीनदा पुसलं.

शेवटी जे काम येतं तेच केलं. पाइपांना देतो तसे प्रत्येक माणसाला नंबर दिले. पहिली पिढी शंभर, दुसरी दोनशे, थोरला एक, धाकटा दोन. नंबर दिल्यावर माणसं जरा जागेवर बसली. माझ्या बायकोनं भाजी चिरता चिरता मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "ह्या बायांना नंबर नाय दिलांव?"

"त्यांच्यावरून किताब जात नाही," मी म्हटलं.

"मग पोरं काय झाडाला लागली?"

मी तिला गप्प बस म्हटलं आणि मुकाट्यानं बायकांनाही नंबर दिले.

साहेबाला नंबर फार आवडले. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पुढच्या शुक्रवारी मला मासळी आणायला कतीफला जायचं होतं, तर म्हणाला मीही येतो, गाडीत राहिलेलं समजावतो. समजावलं कसलं. जाताना मी विचारलं, "साहेब, चौथ्या पिढीत हा जो कझन लिहिलाय, तो चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ की मावसभाऊ?" तो म्हणाला, कझन. मी म्हटलं, ते कळलं, पण कुणाकडून? त्यानं दोन सिग्नल विचार केला आणि म्हणाला, आमच्याकडे हे कुणी विचारत नाही. मला हे पटेना. इतका सगळा पसारा कुणाच्या पोटी कोण आलं एवढ्यासाठीच मांडायचा, आणि भाऊ कुणाकडून ते विचारायचं नाही. मासळी बाजारात त्यानं माझ्याबरोबर चांगली सुरमई निवडली, कोळ्याशी मोडक्या अरबीत घासाघीस केली, आणि परतताना माझ्या घराण्याबद्दल विचारलं. मी बाप, आजा, पणजा सांगून थांबलो. पुढं आमचं गलबतांवर गेलेलं कुणीतरी होतं, एवढंच.

ड्रॉइंग जवळजवळ झालं. राहिला खालचा उजवा कोपरा, जिथं साहेबाची स्वतःची पिढी होती. वर त्याचा बाप. बापाखाली तीन रेघा. पहिली थोरल्या भावाकडे, त्याचं लग्न झालं नव्हतं. दुसरी साहेबाकडे, त्याला एकच मुलगी. तिसरी रेघ तुटक होती, पेन्सिलीनं काढलेली, आणि ती एका बाईच्या चौकटीकडे जात होती. बाईशेजारी नवरा, खाली दोन मुलगे, एक नात.

इथं मी जे केलं ते पाइपच्या ड्राफ्ट्समनशिवाय जगात कुणी करणार नाही. आमच्या ड्रॉइंगमध्ये तुटक रेघ म्हणजे पुढं होणारं काम. आज जागा सोडून ठेवलीय, पाइप उद्या पडेल. आणि काम संपताना आम्ही अख्खा प्लांट पायी फिरतो, प्रत्यक्षात जे उभं आहे ते बघतो, आणि तुटक दाखवलेला पाइप जागेवर असला तर ती रेघ पक्की करतो. पाइप उभा असताना कागदावर तुटक रेघ सोडणं ही आमच्यात नालायकी समजतात. तेव्हा आमच्या प्लांटचं नेमकं हेच काम चालू होतं. महिनाभर मी दिवसाला पन्नास रेघा पक्क्या करत होतो. त्या कोपऱ्यात बघितलं तर बाई आहे, तिचे मुलगे आहेत, नातसुद्धा आहे. म्हणजे काम झालेलं आहे. साहेब पेन्सिल फिरवायला विसरला असेल. मी रेघ पक्की केली आणि बाईला साहेबाच्या शेजारचा नंबर दिला.

प्रिंट काढून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं चष्मा चढवला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवत आला, खालच्या कोपऱ्यात थांबला, तपासणाऱ्याच्या रकान्यात सही केली आणि ई-मेलच्या पत्त्यांची एक यादी दिली. "सगळ्यांना पाठव," म्हणाला. यादीत शेवटी एक पत्ता पेन्सिलीनं लिहिलेला होता. मी सगळ्यांना पाठवलं आणि दुपारच्या चहाला गेलो. खरं सांगायचं तर फार खूश होतो.

तिसऱ्या दिवशी थोरल्या भावाचं उत्तर आलं, सगळ्यांना एकदम. दोनच ओळी. ड्रॉइंग उत्तम झालं आहे. खालच्या उजव्या कोपऱ्यातली एक रेघ चुकीची आहे ती काढून टाकावी, आणि ती राहणार असेल तर जेवण रद्द समजावं.

साहेबानं मला त्याच्या केबिनमध्ये बोलावलं आणि दार ओढून घेतलं. मग त्यानं मला सांगितलं, वंशवृक्षात तुटक रेघ म्हणजे काय. म्हणजे लग्नाबाहेरचं मूल. प्लांटमध्ये चुकीच्या ठिकाणी पाइप जोडला असता तर तो कापून तरी काढता आला असता.

ती बाई त्याच्या बापाची मुलगी होती. आई त्या घरात स्वयंपाकघरात कामाला होती. मूल होणार हे कळल्यावर आईला तिच्या गावी पाठवलं, तिथंच मुलगी वाढली, नर्स झाली, संसार केला. सगळ्या परिसराला ठाऊक होतं आणि त्या घरात कुणी कधी बोललं नाही. साहेबानं तिला एकदाच बघितलं होतं, बापाच्या अंत्यविधीला, चर्चच्या अगदी मागच्या बाकावर. आता कायमचं परत जाताना त्याला ती हवी होती. बहीण म्हणून, त्या जेवणाला, त्या टेबलाशी. म्हणून त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ती रेघ काढली, आणि धीर पुरला तेवढी, तुटक काढली.

"आणि मी ती पक्की केली," मी म्हटलं.

"तू पक्की केलीस."

"पण साहेब, तुम्ही सही केलीत."

"केली."

"रेघ बघितली नव्हती?"

त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "बघितली की नाही, मला सांगता येत नाही," तो म्हणाला.

हे उत्तर मला आजतागायत कळलेलं नाही. तीन दिवसांपूर्वीची गोष्ट माणसाला सांगता येत नाही म्हणजे काय? आठवत नाही म्हणाला असता तर समजलो असतो. आणि तो पेन्सिलीनं लिहिलेला शेवटचा पत्ता तिचाच होता. देण्याआधी खोडून टाकायचा होता, म्हणाला. मग खोडला का नाही, असं मी विचारलं नाही. तोपर्यंत एवढं शिकलो होतो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमी कशाला पडलांव त्येंच्या मधी?" आणि पाणी ठेवता ठेवता म्हणाली, "पण रेघ पुसू नका हां." शाळेतून आलेल्या मुलीनं फोनमधून डोकं वर न काढता सांगितलं, "पप्पा, डॅश्ड मीन्स नॉट ऑफिशियल. एव्हरीबडी नोज दॅट." सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बावीस वर्षं रेघा काढणाऱ्या माणसाला ठाऊक नव्हतं.

मी दोन फाइली तयार केल्या. एकीत बाई, तिचा नवरा, मुलगे, नात सगळं काढून टाकलं. दुसरीत सगळं जसंच्या तसं. पहिली करताना मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला. माझा काय संबंध? ती माणसं मला कोण? पाइप पुसायला सांगितला तर मी एका मिनिटात पुसतो. इथं मी नातीची चौकट सगळ्यात शेवटी पुसली, आणि पुसून झाल्यावर उगाचच उठून हात धुऊन आलो.

दोन्ही प्रिंटा साहेबाच्या टेबलावर ठेवल्या. रविवारी त्या तशाच पडून होत्या. सोमवारी वारं सुटलं, बाहेर नुसती धूळ, काम बंद, आणि तो दिवसभर त्या दोन कागदांपुढे बसून होता. एकदा मला बोलावलं आणि विचारलं, तुटक रेघेची तिसरी प्रत करता येईल का. मी म्हटलं येईल. मग म्हणाला, नको. त्याच्याकडे आता नऊ दिवस होते. रेघ पुसली तर जेवण होणार होतं, आणि त्या बाईला आधी पक्की रेघ आणि मग पुसलेली रेघ अशा दोन्ही मिळणार होत्या. रेघ ठेवली तर भाऊ गेला. ऐंशी वर्षांच्या भावाशी पुढं कधी समेट होईल हे कोण सांगणार? मला दोन्ही बाजू पटत होत्या, तासातासाला वेगळी.

मंगळवारी सकाळी त्या बाईचं पत्र आलं. साहेबाला नाही, मला. ड्रॉइंग माझ्या पत्त्यावरून गेलं होतं, आणि पाठवताना सवयीनं मी नेहमीचं वाक्य खाली टाकलं होतं की काही दुरुस्ती असल्यास कळवावी. तिनं दुरुस्ती कळवली होती. भावानं काय लिहिलंय ते मी वाचलं, असं तिनं लिहिलं होतं, जेवायला बोलवा असं मी कधी म्हटलेलं नाही. पण तुमच्या ड्रॉइंगमध्ये एक चूक आहे. मला बाप दाखवलात. मी एकट्या बापाची नाही. माझ्या आईची चौकट काढायची राहिली आहे.

मी कागदावर बघितलं. सात पिढ्यांत प्रत्येक चौकटीला दोन बाजूंनी रेघ आली होती, बायकोनं टोकल्यावर मीच तर सगळ्या बायकांना नंबर दिले होते. फक्त या एका ठिकाणी बापाकडून रेघ निघाली होती आणि दुसरी बाजू कोरी होती. ही चूक मला दिसायला हवी होती. ही कुणाही ड्राफ्ट्समनला दिसली असती.

साहेबाला बोलावलं. त्यानं माझ्या खुर्चीमागे उभं राहून पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाला, "काढ."

"कुठल्या प्रतीवर?"

"ती आहे त्या."

म्हणजे रेघ राहिली होती. मी चौकट काढली, बापाच्या शेजारी, तेवढ्याच मापाची. मुलीकडे रेघ जोडली. कर्सर चौकटीत ठेवला आणि विचारलं, "नाव काय लिहू?"

मी वळून बघितलं.

"ठाऊक नाही," तो म्हणाला. त्या घरात स्वयंपाकघरात जी कुणी कामाला येई तिला एकाच नावानं हाक मारायची पद्धत होती, त्याच्या आजीपासूनची. बाई बदलली तरी नाव तेच. दरवेळी नवं नाव लक्षात ठेवायचा त्रास नको म्हणून. तो आठ वर्षांचा होईपर्यंत ही बाई त्या घरात होती, रोज पहाटे पाव भाजायची, पहिला गरम तुकडा त्याला द्यायची. तिचं खरं नाव त्यानं कधी विचारलं नव्हतं. हे सांगताना त्याचा चेहरा नेहमीपेक्षाही लाल झाला, आणि ते उन्हामुळं नव्हतं.

पत्राच्या खाली तिचा फोन नंबर होता. त्यानं तो माझ्या टेबलाशी उभं राहूनच लावला. मी उठायला लागलो तर खांद्यावर हात ठेवून मला बसवलं. पलीकडे कुणीतरी उचलला. त्यानं आपलं नाव सांगितलं. मग आईचं नाव विचारलं, अगदी सरळ, जसं साइटवर एखाद्या व्हॉल्व्हचा नंबर विचारावा तसं, कारण दुसरं कसं विचारायचं हे त्याला येत नव्हतं. मग बराच वेळ तो फक्त ऐकत होता. मी की-बोर्डवर बोटं ठेवून थांबलो होतो. माझ्या आजीला आम्ही सगळे दादी म्हणायचो, आणि तिचं नाव काय होतं ते मला त्या क्षणी आठवेना.

त्यानं फोन खिशात टाकला.

"काय लिहू?"

"सांगत नाही म्हणाली. फोनवर नाही. जिच्या हातचं आठ वर्षं खाल्लंस तिचं नाव विचारायला माझ्या घरी ये म्हणाली, समोर बसून विचार."

"जाणार?"

"विमानतळावरून आधी तिकडेच."

"आणि हे? चौकट रिकामी ठेवू?"

"रिकामी ठेव. सगळ्यांना पाठव. माझ्या भावाला सगळ्यात आधी."

मी पाठवलं. तो जायला निघाला, दारापर्यंत गेला आणि तिथूनच माझ्याकडे न बघता बोलला.

"तिच्या आईला घरातून पाठवून दिलं त्या दिवशी मी माझ्या आईला एकच गोष्ट विचारली होती," तो म्हणाला. "उद्यापासून पाव कोण भाजणार."